तापमान सरळ रेषेत, मग बिघाड कुठे? केमिकल प्लांट आणि न्यूरल नेटवर्क

तिसरी_पाळी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी सव्वातीनला आमच्या रिअ‍ॅक्टरचं तापमान सेटपॉइंट (ठरवून दिलेला आकडा) सोडून वर सरकायला लागलं आणि वीस मिनिटांत प्लांट ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. कुणाला इजा नाही, माल मात्र गेला. चौकशीसाठी मागचे दोन महिने काढून बघितले. तापमानाची रेघ पट्टी लावून मारल्यासारखी सरळ, एकही अलार्म नाही. मग कुणीतरी त्याच पडद्यावर कूलिंग वॉटरच्या कंट्रोल व्हॉल्व्हचं आउटपुट ओढलं. मार्चच्या सुरुवातीला ४२ टक्के, एप्रिलच्या मध्यावर ६०, ट्रिपच्या आदल्या दिवशी ९१. एक्सचेंजरमध्ये (उष्णता पाण्याला देणाऱ्या यंत्रात) गाळ बसत होता, कंट्रोलर इमानेइतबारे व्हॉल्व्ह उघडत होता, आणि आम्ही तापमान बघून निर्धास्त चहा पीत होतो. त्या दिवशी कूलिंग टॉवरचं पाणी थोडं गरम आलं, व्हॉल्व्ह १०० वर पोचला आणि त्यापुढे उघडायला काही उरलंच नाही.

थोडक्यात, लूपने (तापमान मोजून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या त्या कंट्रोलरच्या साखळीने) दोन महिने बिघाड पदराखाली झाकून ठेवला होता.

तेव्हापासून न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलने) असले बिघाड आधी कळतील का, याचा नाद लागलाय. या विषयात शिरणारा प्रत्येक जण पहिल्यांदा ज्या प्लांटवर हात साफ करतो तो प्लांट प्रत्यक्षात पायाखाली कुठेच नाही. १९९३ साली ईस्टमन केमिकलच्या डाउन्स आणि फोगल यांनी आपल्या एका खऱ्या प्लांटवर बेतलेलं संगणकीय मॉडेल प्रसिद्ध केलं, तेच 'टेनेसी ईस्टमन प्रोसेस'. रसायनांची नावं लपवून ए ते एच अशी अक्षरं ठेवली आहेत. रिअ‍ॅक्टर, कंडेन्सर, सेपरेटर, कॉम्प्रेसर, स्ट्रिपर अशी पाच यंत्रं, ४१ मोजमापं, १२ हलवता येणाऱ्या गोष्टी, आणि मुद्दाम घडवून आणता येणारे २० बिघाड. स्टररचा वेग स्थिरच राहतो म्हणून तो वगळून बहुतेक लोक ५२ आकडे घेतात, दर तीन मिनिटांनी एकदा.

त्यातला चौथा बिघाड बघून मी दचकलो. रिअ‍ॅक्टरला जाणारं कूलिंग वॉटर एकदम गरम होतं. रिअ‍ॅक्टरचं तापमान घटकाभर उसळतं, लूप ते परत जागेवर आणतो, आणि बाकीच्या ५० आकड्यांना जणू काही पत्ताच नाही. खूण म्हणून मागे राहतो तो जास्त उघडलेला व्हॉल्व्ह. आमचीच कुंडली! पाचवा त्याहून बेरकी आहे. कंडेन्सरचं पाणी गरम होतं, सगळा प्लांट हलतो, आणि सुमारे दहा तासांत लूप सगळं पूर्ववत करतात. मग बऱ्याच पद्धती जाहीर करतात की बिघाड संपला. पाणी अजून गरमच असतं.

मी जे वापरतोय त्याला ऑटोएन्कोडर म्हणतात. ५२ आकडे आत जातात, मधे १०-१२ आकड्यांची अरुंद गल्ली लागते, आणि पलीकडे तेच ५२ आकडे पुन्हा उभे करायचे असतात. गल्ली अरुंद असल्यामुळे नेटवर्कला घोकंपट्टी करता येत नाही. लोड वाढला की व्हॉल्व्ह किती उघडतो, व्हॉल्व्ह उघडला की पाण्याचा फ्लो किती वाढतो, ही नाती शिकावीच लागतात. शिकवताना फक्त चांगल्या दिवसांचा डेटा द्यायचा. पुढे एखादं नातं बिघडलं की आत गेलेले आणि बाहेर आलेले आकडे जुळत नाहीत. तो फरक वाढला की कान टवकारायचे. कल्पना जुनी आहे. क्रेमर यांनी १९९१ मध्येच ती केमिकल इंजिनिअरिंगमध्ये आणली होती.

वरिष्ठांची परवानगी घेऊन आमचा त्या वर्षाचा जुना डेटा यातून घातला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, व्हॉल्व्ह जेमतेम ५० वर असताना, फरकाची रेघ वर निघाली होती.

कुणी प्रत्यक्ष प्लांटवर हे केलंय का? अनुभव वाचायला आवडतील.

---

कोड_आणि_कांदेपोहे

मस्त धागा. मी आयटीवाला, केमिकलमधलं ढ. एक बाळबोध शंका: बिघाडांची यादी आहे, तर नेटवर्कला थेट 'हा बिघाड क्रमांक चार' असं ओळखायलाच का शिकवत नाही? मांजर-कुत्रा ओळखतात तसं?

---

तिसरी_पाळी

बाळबोध नाही, सुरुवात तशीच झाली होती. १९८६ मध्ये बॅकप्रोपगेशनचा (चूक मागे पाठवत नेटवर्कला शिकवण्याच्या पद्धतीचा) बोलबाला झाला आणि १९८८-८९ मध्ये हॉस्किन्स आणि हिमेलब्लाउ, वेंकटसुब्रमणियन आणि चॅन, जपानमधले वातानाबे वगैरे मंडळींनी नेमकं हेच केलं: लक्षणं आत, बिघाडाचं नाव बाहेर. (हे वेंकटसुब्रमणियन मूळचे मद्रासकडचे. २००३ मध्ये या विषयाचा तीन भागांतला जो आढावा त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिला, तो आजही पहिल्यांदा वाचायला देतात.)

अडचण अशी की मांजरांचे लाखो फोटो मिळतात. आमच्या कॉम्प्रेसरचं सील बारा वर्षांत दोनदा गेलं. दोन फोटोंवरून काय शिकवणार? आणि जे आहे त्यावर नाव लिहिलेलं नसतं. शिफ्ट लॉगबुकात 'पी-१०४ प्रॉब्लेम, मेंटेनन्सला कळवले' एवढंच. प्रॉब्लेम कधी सुरू झाला? कळवलं तेव्हा, की आदल्या रात्री?

शिवाय ज्या नेटवर्कला वीसच खण माहीत आहेत ते एकविसावा बिघाडही कुठल्यातरी खणात कोंबतं, तेही ठामपणे. त्यापेक्षा 'नेहमीसारखं नाही, पण काय ते मला माहीत नाही' म्हणणारं परवडलं.

---

भाषाप्रेमी_खडूस

'फॉल्ट'ला बिघाड म्हणणं चूक. बिघाड म्हणजे ब्रेकडाउन. दोष म्हणा. बाकी चालू द्या.

---

शंकासुर

दोष म्हणा नाहीतर दैव म्हणा. मुद्दा असा की या टेनेसी ईस्टमनवर दर महिन्याला कुणीतरी ९९ टक्के अचूकता जाहीर करतं. मी काही जणांचा कोड उघडून बघितलाय. तीन-तीन मिनिटांचे नमुने पत्ते पिसल्यासारखे पिसतात आणि मग त्यातले काही शिकवायला, काही परीक्षेला. म्हणजे १०:०३ चा नमुना अभ्यासात आणि १०:०६ चा पेपरात! पेपर फोडून पहिला नंबर. पिसायचेच तर अख्खे रन (मॉडेल एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवल्याचा डेटा) वेगळे काढा. २०१७ पासून प्रत्येक बिघाडाचे ५०० रन असलेला संच खुला आहे, तेव्हा डेटा नव्हता ही सबबही उरलेली नाही.

दुसरी कसोटी सोपी. ३, ९ आणि १५ क्रमांकांचे निकाल बघा. तिसऱ्या आणि नवव्यात डी या कच्च्या मालाच्या फीडचं तापमान हलतं, पंधराव्यात कंडेन्सरचा व्हॉल्व्ह चिकटतो. प्लांटवर परिणाम इतका बारीक की बहुतेक पद्धती इथे नाणेफेकीच्या पुढे फारशा जात नाहीत, आणि कित्येक लेखक हे तीन बिघाड गुपचूप वगळतात. तिन्हींवर कुणी ९८ टक्के दाखवले तर आधी पिसलेले पत्ते शोधावेत.

आणि ति_पा, ९९ टक्क्यांचा हिशोब करून बघितलात का? दर तीन मिनिटांनी एक तपासणी म्हणजे दिवसाला ४८०. एक टक्का खोटी ओरड म्हणजे रोज साधारण पाच वेळा लांडगा आला. बिघाड महिन्यातून एकदा. आठवड्याभरात तुमचा ऑपरेटर त्यावर टेप चिकटवेल.

शेवटचं, या सगळ्याला न्यूरल नेटवर्क कशाला? साधं पीसीए (आकड्यांमधली सरळ रेषेतली नाती शोधणारी जुनी सांख्यिकी पद्धत) पुरलं नसतं?

---

तिसरी_पाळी

@शंकासुर, पत्त्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पहिल्या महिन्यात मीही पिसले होते आणि बायकोला ९९.४ दाखवून पेढे मागितले होते.

खोट्या ओरडीवर मी सलग सहा नमुने हद्दीबाहेर गेले तरच नोंद करतो. ओरड पार कमी झाली, पण त्यात १८ मिनिटं जातात. महिनोन्‌महिने साचणाऱ्या गाळाला १८ मिनिटं म्हणजे काहीच नाही. आवरेनाशा होणाऱ्या रनअवे रिअ‍ॅक्शनला १८ मिनिटं म्हणजे सगळं संपलं. म्हणून हे प्रकरण इंटरलॉकच्या (धोका दिसताच प्लांट आपोआप बंद करणाऱ्या सिस्टिमच्या) जवळपासही फिरकू द्यायचं नाही. ट्रिप करायचं काम त्या स्वतंत्र सिस्टिमचंच.

पीसीए. खरं सांगू? पहिल्या ऐंशी टक्क्यांपर्यंत पीसीए पुरतं, आणि आमच्या मे महिन्याच्या प्रकरणात तर 'आउटपुट ८० वर गेलं की अलार्म' एवढी एक ओळ पुरली असती. फक्त ती एप्रिलच्या अखेरीस वाजली असती. नेटवर्क मार्चमध्ये बोललं, कारण लोड आणि पाण्याचं तापमान बघता व्हॉल्व्ह ४३ वर हवा होता आणि तो ५० वर होता, एवढं त्याला कळत होतं. आमचा लोड ६० ते ११० टक्के असा हिंदकळतो आणि व्हॉल्व्हची वागणूक सरळ रेषेतली नाही, तिथे पीसीए गडबडलं.

---

निवृत्त_बोर्डमन

पोरांनो, वाचून गंमत वाटली. मी १९७९ साली पॅनेलवर लागलो तेव्हा सगळं न्यूमॅटिक, ३ ते १५ पीएसआय. भिंतभर पेन रेकॉर्डर, लाल शाई तापमानाची, निळी आउटपुटची. आमचे जुने शिफ्ट इनचार्ज पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "लाल बघू नको रे, ती सरळच असते. निळी बघ." गोल चार्ट असायचा. कालचा आणि आजचा एकावर एक धरून उजेडात बघितले की निळी कुठे सरकली ते दिसायचं. तुमच्या त्या अरुंद गल्लीचं काम तेव्हा ट्यूबलाइट करायची.

डीसीएस (संगणकाच्या पडद्यावरचं कंट्रोल) आला, जागा वाचली, आणि निळी रेघ चार क्लिक मागे गेली. अलार्म मात्र फुकट झाले. आधी एक अलार्म बसवायचा तर पॅनेलला भोक पाडायला लागायचं, म्हणून माणसं विचार करायची. मग प्रत्येक टॅगला (मोजमापाच्या नावाला) हाय, हायहाय, लो, लोलो. शेवटच्या वर्षांत आमच्या रात्रपाळीत एक ट्रेनी पोरगा निव्वळ अक्नॉलेजचं बटण दाबायला बसायचा.

तेव्हा ति_पा, तुमचं नेटवर्क चांगलं असेल, पण ते ऑपरेटरला नेमकं काय दाखवतं? आणखी एक लाल दिवा असेल तर राहू द्या.

---

ह्यूस्टनकर

काका, +१००. २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. त्यानंतर अलार्मची शिस्त हा स्वतंत्र विषयच झाला. सुरळीत चालू असताना दहा मिनिटांना एकापेक्षा कमी अलार्म, अशी मार्गदर्शक मर्यादा आहे. आपल्याकडच्या किती कंट्रोल रूम त्यात बसतील, ते जाऊ द्या.

मी टेक्सासमध्ये याच क्षेत्रात आहे, म्हणून थोडं थंड पाणी ओततो. इथे मॉडेल विकायला येणारा प्रत्येक जण टेक्सास सिटीच्या रिफायनरीतल्या स्फोटाचं नाव घेतो. २३ मार्च २००५, १५ मृत्यू, १८० जखमी. १७० फुटी टॉवरमध्ये तीन तासांहून जास्त वेळ फीड चालू होतं आणि खालून काहीच काढलं जात नव्हतं. टॉवर १५८ फुटांपर्यंत भरला तेव्हा लेव्हल ट्रान्समीटर आठ फुटांच्या आसपास दाखवत होता, आणि शिवाय रीडिंग हळूहळू उतरत होतं! कारण ऐकण्यासारखं आहे. ट्रान्समीटर डिस्प्लेसर जातीचा, म्हणजे बुडालेल्या नळकांड्याला द्रव किती उचलून धरतो त्यावरून लेव्हल सांगणारा. नळकांडं कधीच पूर्ण बुडालेलं. पुढे द्रव तापत गेला, घनता कमी झाली, उचल कमी झाली, आणि ट्रान्समीटरने त्याचा अर्थ 'लेव्हल उतरतेय' असा लावला.

विकणारे म्हणतात, आमच्या नेटवर्कने हे पकडलं असतं: आत येतंय, बाहेर जात नाही, तरी लेव्हल उतरते. बरोबर आहे, पण ते तर दहावीच्या पोरानेही बेरीज-वजाबाकी करून पकडलं असतं. आणि गोम वेगळीच आहे. तो प्लांट तेव्हा स्टार्टअपमध्ये होता. 'चांगले दिवस' म्हणून शिकवलेल्या डेटात स्टार्टअप कितीसा असतो? नेटवर्क पहिल्या मिनिटापासून बोंबललं असतं आणि कुणीतरी शांतपणे ते बंद केलं असतं. धोका जास्त असतो स्टार्टअप-शटडाउनला, आणि नेमका तिथलाच डेटा सगळ्यात कमी.

---

तिसरी_पाळी

@ह्यूस्टनकर, आमच्याकडे फीड ५० टक्क्यांच्या खाली असेल तर ते आपोआप गप्प बसतं. म्हणजे तुमचा आक्षेप मी सोडवला नाही, बाजूला ठेवला आहे. मान्य.

@काका, दिवा नाही आणि भोंगाही नाही. शिफ्ट इनचार्जच्या पडद्यावर एकच रेघ, आणि ती वर गेली तर खाली तीन टॅगची नावं, फरकात सगळ्यात जास्त वाटा असलेली. यातही खोच आहे. चूक एका टॅगची असली तरी अरुंद गल्लीतून जाताना ती शेजाऱ्यांना फासली जाते. एकदा तापमान मोजणारं थर्मोकपल गेलं होतं आणि यादीत पहिलं नाव निर्दोष प्रेशर ट्रान्समीटरचं. म्हणून एक न देता तीन नावं. पुढचं माणसाने बघायचं. तुमची लाल-निळी गोष्ट प्रिंट काढून कंट्रोल रूममध्ये लावू का?

---

निवृत्त_बोर्डमन

लाव. नाव नको.

---

बॅचवाली

उशिरा आले. सगळं वाचलं आणि थोडी हिरमुसले. मंडळी, हे टेनेसी ईस्टमन, रिफायनरी वगैरे सगळं कंटिन्युअस, म्हणजे अखंड चालणारं. लोटे, तारापूर, महाड, कुरकुंभ, कुठेही जा, बऱ्याच ठिकाणी फार्मा नाहीतर अ‍ॅग्रोकेमिकल, म्हणजे बॅच (एकेक खेप करून माल काढणारे). आमच्याकडे 'नॉर्मल' अशी सरळ रेघच नाही. चार्जिंग, हीटिंग, दोन तास अ‍ॅडिशन, डायजेशन (रिएक्ट व्हायला दिलेला वेळ), कूलिंग. तापमान ३० वरून ८५ आणि परत ३०, हेच आमचं नॉर्मल. त्यात सोमवारी अ‍ॅडिशन दोन तासांत उरकतं आणि गुरुवारी चिलिंग कमी मिळालं म्हणून तीन तासांत. मग कुठला क्षण कुठल्या क्षणाशी ताडून बघायचा?

नोमिकोस आणि मॅकग्रेगर यांनी १९९४ मध्ये बॅचसाठी पीसीएची वाट काढली: प्रत्येक बॅच म्हणजे एक अख्खा नमुना धरायचा. ते मी करून बघितलं. शंभर चांगल्या बॅच गोळा करायला आम्हाला वर्ष गेलं, तोवर रॉ मटेरियलचा व्हेंडर बदलला.

शेवटी आम्ही घड्याळच सोडलं. आडव्या अक्षावर वेळेऐवजी 'किती किलो अ‍ॅडिशन झालं' घेतलं. त्यामुळे सोमवार आणि गुरुवार एकावर एक बसले, आणि प्रत्येक किलोमागे किती उष्णता निघाली ते जॅकेटच्या इन-आउट तापमानावरून दिसायला लागलं. उष्णता कमी दिसली तर घातलेलं रिएक्ट होत नाहीये, आत साचतंय. एक्झोथर्मिक रिअ‍ॅक्शनमध्ये भीती असते ती याचीच. छोटंसं नेटवर्क त्यावर बसवलंय. मोठं बसवायला डेटाच नाही.

---

शंकासुर

धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. आडवा अक्ष बदलणे हे नेटवर्कचे थर वाढवण्यापेक्षा स्वस्त. टोपी काढली.

---

कोड_आणि_कांदेपोहे

@ति_पा, मॉडेल दर महिन्याला नव्या डेटावर पुन्हा शिकवता का? आमच्याकडे तशी पद्धत आहे.

---

तिसरी_पाळी

तोच खड्डा. गाळ हळूहळू बसतो. दर महिन्याला नव्याने शिकवलं तर गाळ बसलेला एक्सचेंजरसुद्धा नेटवर्कच्या दृष्टीने नॉर्मल होतो, आणि आपण पुन्हा मे महिन्यात. आता मी एक्सचेंजर साफ केल्यानंतरचा काळच शिकवायला वापरतो. पण जानेवारीतलाच डेटा दिला तर पावसाळ्यात बोंब, कारण कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानाखाली (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या आकड्याखाली) जाऊ शकत नाही आणि आमच्या दमट हवेत तो वेट बल्ब वरच असतो. म्हणजे वर्षभराचे ऋतू हवेत पण गाळ नको. असा डेटा गोळा करता करता दोन वर्षं जातात.

अजून एक चटका सांगून ठेवतो. हिस्टोरियन (जुने आकडे साठवणारं सॉफ्टवेअर) जागा वाचवायला डेटा दाबून ठेवतो. आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा हलला तरच नोंद, नाहीतर मधे सरळ रेघ जोडून देतो. मी तीन महिने त्या जोडलेल्या रेघांवर नेटवर्क शिकवत बसलो होतो. लाइव्ह सिग्नल लावला तर पहिल्या मिनिटाला हद्दीबाहेर, कारण खऱ्या सिग्नलची थरथर त्याने आयुष्यात कधी बघितलेलीच नव्हती. इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या हातापाया पडून वीस टॅगचं कॉम्प्रेशन बंद करून घेतलं.

---

निवृत्त_बोर्डमन

बरं, मागच्या वर्षाचं सोड. चालू प्लांटवर आजवर पकडलं काय तुझ्या यंत्राने?

---

तिसरी_पाळी

काका, वर्मावर बोट ठेवलंत. चार महिन्यांत दोन गोष्टी. एका व्हॉल्व्हचा पोझिशनर (व्हॉल्व्ह सांगितला तेवढाच उघडतो ना ते सांभाळणारा भाग) सैल झाला होता, तो नेटवर्कने दाखवला. मान त्याचा.

दुसरी गेल्या आठवड्यातली. स्टीमच्या एका फ्लो ट्रान्समीटरचा आकडा अगदी योग्य जागी होता, पण त्याची थरथर थांबली होती. नेटवर्क गप्प, कारण आकडा बरोबरच होता. ते पकडलं मी एका कंटाळवाण्या दुपारी एक्सेलमध्ये लिहिलेल्या सूत्राने: मागच्या एका तासाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, बस. इम्पल्स लाइन (ट्रान्समीटरला दाब पोचवणारी बारीक नळी) चोक झाली होती. आम्ही दोघांनी जाऊन आयसोलेट केली, ड्रेन उघडला, आधी काहीच नाही, मग फस्सकन गंजाचा काळा चिखल आला.

---

निवृत्त_बोर्डमन

गॉगल घातला होतास ना?

---

तिसरी_पाळी

मी घातला होता. बरोबरच्याने कपाळावर ठेवला होता.